बावन्न पायऱ्यांवरचा समुद्र

शुक्रवार, १९ जानेवारी

ही वही कार्मेलने दिली. म्हणाली, "ब्रायडी, रोज चार ओळी लिहीत जा. हात वापरला नाही की गंजतो." मी म्हटलं, माझ्या हाताला धार होती कधी की गंज चढेल? नवव्या वर्षी बापाने शाळेतून काढली आणि मासळी वाळवायच्या माचावर उभी केली. आता चौऱ्याहत्तर चालू आहे. कार्मेलचं तसं नाही. ती माझी नणंद, पण आमच्या कोव्हचं, म्हणजे या खाडीकाठच्या गावाचं, पोस्ट तिने एकतीस वर्षं सांभाळलं. अख्ख्या गावाची पत्रं तिने वाचून दाखवली. लोक म्हणतात, न दाखवताही वाचली.

तर आजची बातमी. आम्ही जिंकलो!

संध्याकाळी रेडिओवर अग्निशमन दलाचा बिंगो होता, ते आकडे पुकारणार, आपण खुणा करायच्या. नेहमीसारख्या कार्मेलच्या स्वयंपाकघरात बसलो होतो. ती चष्मा विसरली म्हणाली. स्वतःच्याच घरात चष्मा कसा विसरतात? शेवटी दोघींच्या आकड्यांच्या पत्रिकांवर मीच खुणा केल्या. तिची भरली. मी इतकी ओरडले की मांजर चुलीमागे गेलं ते अजून बाहेर आलेलं नाही.

बक्षीस काय, तर मार्चमध्ये दोघांना आठवडाभर बार्बाडोस. गरम बेट. राहण्याच्या तीन जागा कागदावर छापून येतील, त्यातली एक निवडायची. बाहेर वारा पायऱ्या उचलून नेईल असा सुटलाय आणि मी गरम बेटावर जाणार! तिकडे कपडे वाळायला किती वेळ लागत असेल? माझ्या दोरीवरच्या चादरी आज दारासारख्या कडक झाल्या होत्या.

मंगळवार, २३ जानेवारी

कागद आला. तीन जागा, एकीखाली एक, प्रत्येकीपुढे एक चौकोन. निवडाल त्या चौकोनात फुली मारायची आणि खाली जिंकणाऱ्याची सही.

कार्मेल म्हणाली, "तू वाच. तुझा आवाज चांगला आहे." साठ वर्षांत पहिल्यांदा माझ्या आवाजाचं कौतुक. मला एक शब्द वाचायला एक घोट चहा लागतो, पण वाचलं सगळं.

पहिली जागा म्हणजे मोठं हॉटेल. मनगटाला पट्टी बांधतात, मग खा, प्या, कोणी विचारत नाही. दुसरी एक उंच इमारत, चौथ्या मजल्यावरची खोली, समुद्राकडे मोठी गच्ची. लिफ्ट नाही. तिसरी म्हणजे मिसेस सिलिना ब्रेथवेट यांच्या घरातली मागची खोली, कोळ्यांच्या गावात. न्याहारी त्या स्वतः करतात.

प्रत्येकाबरोबर चित्र होतं. कार्मेल विचारत राहिली. समुद्र कुठल्या रंगाचा आहे? किती ठिकाणी रंग बदलतो? खिडकी केवढी? मी म्हटलं, "अगं बाई, चित्र तुझ्या नाकासमोर आहे!" तर म्हणे, "तू सांग ना. बघू तुला सांगता येतं का."

पोस्टातली बाई आहे, परीक्षा घेतल्याशिवाय राहायची नाही. मी सांगितलं, काठाशी बाटलीच्या काचेसारखा, मग फादरच्या साध्या रविवारच्या झग्यासारखा हिरवा, मग निळा. कसला निळा, ते मला सांगता येईना. आपल्याकडे समुद्र एक तर करडा नाही तर काळा.

ती म्हणाली, "तो निळा मला बघायचाय, ब्रायडी. याच हिवाळ्यात."

"का, पुढच्या वर्षी आटणार आहे?"

"पुढच्या वर्षी कोण बिंगो जिंकतंय," म्हणाली आणि चहा ओतायला उठली.

शनिवार, २७ जानेवारी

माझी नात ट्रीना परवा शहरातून आली. कालच कार्मेलला घेऊन दातांच्या डॉक्टरकडे गेली होती. आज दिवसभर कार्मेलने काळा चष्मा काढला नाही. दात काढल्यावर उजेड सोसत नाही म्हणे. मी माझे सगळे दात काढून बसले, मला कधी असं झालं नाही. डॉक्टर नवीन असेल. ट्रीनाला विचारलं तर ती म्हणाली, "नॅन, चहा गार होतोय."

ट्रीनाचं मत हॉटेलला. "नॅन, सगळं हातात. बिछानाही तेच घालतात."

"आणि मी काय करायचं?"

"काही नाही. पडून राहायचं."

"ते मी शंभर वर्षांची झाल्यावर करीन. आणि मनगटाला पट्टी? हॉस्पिटलात तुझे आजोबा गेले तेव्हा त्यांच्या मनगटाला पट्टी होती."

पोरगीने कागद खाली ठेवला, मग हसली. हॉटेल तिथेच बुडालं.

मला मनापासून तिसरी जागा आवडलीय, आणि त्याचं कारण माझ्या बापाच्या माचावर आहे. आमची मासळी वाळली की पारखी यायचा. ढीग करायचा. जाड, पांढरी, स्वच्छ ती पहिली, ती स्पेनला जायची. मधली दुसरीकडे. आणि उन्हाने भाजलेली, तुटलेली, चिकट झालेली, ती शेवटच्या ढिगावर. त्या ढिगाचं नावच "वेस्ट इंडीज". म्हणजे या बेटांवर पाठवायची. तिकडून काकवी यायची पिंपांतून, ती आम्ही तळलेल्या पावावर ओतून खायचो. लहानपणी मी बापाला विचारलं होतं, ती वाईट मासळी कोण खातं? तो म्हणाला, "ज्याला दुसरी मिळत नाही तो." पासष्ट वर्षं झाली, मला अजून वाटतं, कोण असेल तो? कसा करत असेल? शिव्या देत असेल का आम्हाला? मिसेस ब्रेथवेटच्या न्याहारीत खारवलेल्या माशाचे वडे आहेत, असं कागदावर लिहिलंय. मला त्यांना विचारायचंय.

हे लिहिताना मला वाटलं, मी बरंच लिहिलं.

शुक्रवार, २ फेब्रुवारी

आज कँडलमास, मेणबत्त्यांचा सण. या दिवशी ऊन पडलं, म्हणजे उरलेला हिवाळा पहिल्यापेक्षा वाईट. पडू दे. आम्ही मार्चमध्ये नसणारच.

फादर मेणबत्त्यांना आशीर्वाद देऊन येता येता कार्मेलच्या घरात शिरले. कार्मेल त्यांच्याकडे बघून म्हणाली, "टाकी मागच्या बाजूला आहे, नळी अंगणातून घे." तिला वाटलं, घर तापवायचं तेल भरणारा तेलवालाच आला. फादर बिचारे हसत म्हणाले, "बाई, मी आत्मे भरतो, टाक्या नाही." मी हसून हसून खुर्चीवरून पडायची बाकी होते. कार्मेल हसली नाही.

मग फोन केले. ट्रीनाने नंबर लिहून ठेवले होते. उंच इमारतीतला माणूस म्हणाला, गच्चीतून डावीकडून उजवीकडे नुसता समुद्र, मध्ये काही नाही. पायऱ्या बावन्न.

"पत्त्यांइतक्या!" मी म्हटलं.

"जोकर धरून चोपन्न," तो म्हणाला. "खाली दोन अंगणाच्या आहेत." बरा वाटला माणूस.

मिसेस ब्रेथवेटनी स्वतः फोन उचलला. मागे कोंबड्या ओरडत होत्या. मी विचारलं, खोलीतून समुद्र दिसतो का? "नाही बाई, मध्ये फणसासारख्या फळाचं मोठं झाड आहे. पण ऐकू येतो. होड्या आल्या की बायका ओरडतात तेही ऐकू येतं. पायरी एकच आहे, तीही मोडकी." मी त्या फळाची भाजी करतात का, गोड असतं का, चीक हाताला लागतो का, असं विचारत बसले. शेवटी कार्मेलने टेबलावर बोटं वाजवली.

"दुसरी जागा घे," ती म्हणाली.

"बावन्न पायऱ्या! माझे गुडघे पाहिलेस?"

"ऐकलेत. चर्चमध्ये गुडघे टेकतेस तेव्हा शेवटच्या बाकापर्यंत ऐकू येतात."

"पोस्टाच्या खिडकीतून एकतीस वर्षं समुद्रच बघितलास. अजून किती बघायचाय?"

"तो नाही. हा."

"ऐकू आला तर पुरे नाही?"

यावर तिने माझ्याकडे बघितलं. खरं म्हणजे माझ्या कानाकडे बघितलं. म्हणाली, "ऐकायला मला उरलेलं सगळं आयुष्य आहे."

आता याला काय म्हणायचं! मी टोपी घातली आणि घरी आले.

मंगळवार, ६ फेब्रुवारी

चार दिवस बोलणं नाही. आज न राहवून गेले. आमच्याकडे दार कोणी वाजवत नाही. वाजवतो तो परका, नाही तर पोलीस. मी सरळ आत शिरले.

कार्मेल खिडकीशी उभी होती. हातात तो कागद, चित्राची बाजू उजेडाकडे, आणि मान अशी वळवलेली की कोंबडी दाण्याकडे बघते ना एका डोळ्याने, अगदी तशी. कागद इकडे नेत होती, तिकडे नेत होती. मी खोकले तशी तिने तो एप्रनच्या खिशात घातला.

"काय करत होतीस?"

"मानेचा व्यायाम."

मग चहा केला तिने. कपात बोट घालून ओतते हल्ली. बोटाला चहा लागला की थांबते. मी म्हटलं, "पोस्टमास्तरीण बाई, शिष्टाचार गेला कुठे?" ती म्हणाली, "पेन्शनबरोबर गेला." हसलो दोघी. भांडण कुठे गेलं कळलं नाही.

पण जागेचं तसंच राहिलं. ती दुसरी म्हणते, मी तिसरी. जिंकली ती आहे. पण खुणा मी केल्या होत्या.

गुरुवार, ८ फेब्रुवारी

आज जे केलं ते लिहिते. वही माझी आहे, फादर वाचणार नाहीत.

कागद भरायचा होता. कार्मेल म्हणाली, "भर तू. दुसरीवर फुली मार." मी पेन घेतलं. माझे गुडघे ठणकत होते. मनात ते झाड होतं, मोडकी पायरी होती, माशाचे वडे होते. आणि मी तिसऱ्या चौकोनात फुली मारली. मनात म्हटलं, आता ती वाचेल, तापेल, खोडेल, मग तरी नीट बोलणं होईल.

कागद तिच्यापुढे सरकवला. ती म्हणाली, "सही कुठे?" मी बोट ठेवलं. तिने सही केली. अर्धी ओळीवर, अर्धी माझ्या नखावर.

न वाचता!

मी पाकीट बंद केलं, दुकानाबाहेरच्या लाल पेटीत टाकलं आणि गाणं म्हणत घरी आले. जिंकले म्हणून. किटली ठेवली. मग नखावरची शाई दिसली.

हीच कार्मेल. बिशपसाहेबांचं पार्सल तिने परत पाठवलं होतं, फॉर्मवरची एक रेघ रिकामी होती म्हणून. तिने आयुष्यात दोनदा वाचल्याशिवाय सही केलेली नाही.

किटली शिट्टी मारत राहिली. मी उठलेच नाही. एकेक गोष्ट समोर येऊन बसत गेली. विसरलेला चष्मा. तेलवाला. कोंबडीची मान. कपातलं बोट. माझा चांगला आवाज. आणि दात! अरे देवा, दात काढल्यावर काळा चष्मा, आणि मी म्हटलं डॉक्टर नवीन असेल.

मग ही वही. ती मला लिहायला का लावतेय ते कळलं. पुढे तिला वाचून दाखवणारं कोणी लागणार. ती मला तयार करतेय. माझ्यासारखी मठ्ठ बाई अख्ख्या किनाऱ्यावर नसेल.

शाई साबणाने निघत नाही.

शुक्रवार, ९ फेब्रुवारी

डाक अकराला निघते. मी साडेदहालाच पेटीपाशी उभी राहिले. वाऱ्याने डोळ्यांतून पाणी येत होतं, ते बरंच झालं. डाकवाला अँब्रोज गाडी घेऊन आला. मी म्हटलं, माझं पाकीट परत दे.

"ब्रायडी मावशी, पेटीत पडलं की ते राजाचं."

"राजाला बार्बाडोसला जायचंय का?"

"नियम आहे. कार्मेलबाईंनीच शिकवलाय मला. तेव्हा राणीचं होतं एवढंच."

आता कार्मेलच्या नियमापुढे मी काय बोलणार? म्हटलं, दहा मिनिटं थांब. दुकानात शिरले, कागद मागितला आणि काउंटरवर उभ्याने पत्र लिहिलं. माझ्या जन्मातलं पहिलं पत्र. दुकानातली चार माणसं बघत होती, एकाने मध्येच एक अक्षर सांगितलं, त्याला गप्प केलं. लिहिलं ते असं:

"अग्निशमन दलाला. आधीच्या कागदावर तिसरी जागा लिहिली आहे, ते खोटं आहे. ती माझी लबाडी. कार्मेलला दुसरी हवी आहे. जिथून समुद्र दिसतो ती. ती द्या. ब्रायडी."

अँब्रोजने तिकीट लावलं. "हे मात्र नेतो," म्हणाला. वाचलं असणार त्याने, कारण गाडीत चढताना टोपीला हात लावला.

कार्मेलला काही सांगितलं नाही. ती सांगेल तेव्हा सांगेल. तोवर मला रोज वाचायची सवय करायला हवी. काकवीच्या डब्यावरचं सगळं वाचून काढलं आज.

मंगळवार, २० फेब्रुवारी

दलाकडून फोन आला. दुसरी जागा पक्की. सेक्रेटरी म्हणाला, पत्र भिंतीवर लावलंय. काढा म्हटलं, तर नाही म्हणाला.

आता एक चिंता. मिसेस ब्रेथवेटना मी फोनवर "येतोच" म्हणून बसले होते. हात हलवत कशी भेटू? दुकानातून खारवलेला कॉड मासा आणलाय, जाड, पांढरा, पहिल्या ढिगातला. ट्रीना म्हणते, "नॅन, बॅगेला वास येईल." येऊ दे. माझ्या बापाच्या बॅगेला दुसरा कुठला वास नव्हता.

सोमवार, ४ मार्च

पोचलो. पायऱ्या बावन्न, खाली दोन जोकर. कार्मेल माझ्या खांद्यावर हात ठेवून मोजत चढली. मी प्रत्येक मजल्यावर थांबून देवाचं नाव घेतलं, चौथ्यावर पोचले तेव्हा आठवणीतले संत संपले होते. मग अंधार पडला. समुद्र उद्या.

कपडे इथे तासाभरात वाळतात. मी घड्याळ लावून पाहिलं.

मंगळवार, ५ मार्च

आधी सकाळचं सांगते, नंतर राहिलेलं.

उजाडायच्या आत मला जाग आली. कार्मेल झोपली होती. म्हटलं आधी मासळी देऊन येऊ. कोळ्यांचं गाव वळणापलीकडेच आहे. मोठं झाड दिसलं, मोडकी पायरी दिसली, स्वयंपाकघराचं दार उघडंच. शिरले. कोणी नव्हतं. किटली चुलीवर होती, ती भरून ठेवली, खुर्चीवर बसले. आपल्याकडे कोणीही हेच करील.

आतून एक उंच बाई आली, हातात झाडू, दांडा माझ्याकडे.

"कोण तुम्ही?"

"तुमच्याकडे राहायला न आलेली बाई," मी म्हटलं. दुसरं काही सुचलंच नाही.

"न आलेली इथे काय करतेय?"

"चहा."

तिने झाडू खाली केला. "कोंबड्यासुद्धा आवाज देऊन येतात या घरात," म्हणाली. पण दुसरा कप काढला.

मी पुडकं सोडलं आणि पासष्ट वर्षं पोटात ठेवलेलं विचारलं. वाईट मासळी आम्ही पाठवत होतो, तुटलेली, भाजलेली. ती तुम्हीच खाल्लीत का?

सिलिनाबाईंनी बराच वेळ साखर ढवळली. "माझी आजी तीन पाण्यांत भिजवायची. मग मिरची, पात, पीठ आणि तळायची. वाईट आहे हे कोणी सांगितलं नाही आम्हाला. आम्ही म्हणायचो, बिचारे उत्तरेकडचे लोक, त्यांना मासा सुकवता येत नाही."

आणि हसली. मग माझा पहिल्या ढिगातला मासा भिजवून संध्याकाळी वडे केले, आम्हा दोघींना बोलावून. एक खाल्ला, विचार केला, म्हणाली, "चांगला आहे. पण चव नाही हो. तो तुटलेलाच बरा होता."

बापाला सांगायला हवं होतं.

आता राहिलेलं. मी सकाळी परत आले, बावन्न चढले, तर कार्मेल गच्चीत उभी. रात्रीच्याच झग्यात. ऊन नुकतंच पाण्यावर आलं होतं. मला वाटलं आता आपलं काम. तिच्या शेजारी उभी राहिले आणि सुरू केलं. वाटेत पाठच केलं होतं मी. "हे बघ, काठाशी बाटलीच्या काचेसारखा आहे. त्यापुढे हिरवा, फादरच्या..."

"ब्रायडी, गप्प बस."

मी बघितलं. तिने मान कोंबडीसारखी वळवली होती. आधी एकीकडे, मग दुसरीकडे. तिच्या नजरेचं मधलं गेलंय, कडेचं उरलंय. आणि इथे कडेला, दोन्ही कडांना, नुसता समुद्र होता.

"हा मला दिसतोय," ती म्हणाली.

मी गप्प बसले. मला गप्प बसता येतं हे मला माहीत नव्हतं.

बऱ्याच वेळाने म्हणाली, "तू तिसऱ्यावर फुली मारली होतीस."

मी खांबाला धरलं. "कसं कळलं?"

"तिसरा चौकोन खाली होता. तुझं कोपर टेबलाच्या कडेला घासलं. एकतीस वर्षं लोकांना कागद भरताना ऐकलंय मी."

"आणि तरी सही केलीस?"

"म्हटलं, गुडघे तिचे आहेत. मी काय, समुद्र नुसता ऐकला असता. मग दलाचा फोन आला तुझ्या पत्राबद्दल. तीन वेळा वाचून घेतलं मी त्यांच्याकडून. स्पेलिंगच्या चुका विचारल्या. चार आहेत."

"पहिलंच होतं माझं!"

"म्हणूनच म्हणते, रोज लिही." आणि पुन्हा मान वळवली, डावीकडे.

मी खुर्ची ओढली आणि तिच्या बाजूला बसले, मधोमध नाही, जरा कडेला, म्हणजे मीही दिसावी. संध्याकाळी सिलिनाबाईंकडून परत येताना कालचं धरून तिसऱ्यांदा चढले. गुडघे ओरडतायत. ओरडू देत, शेवटच्या बाकापर्यंत.